'प्रति १७' आणि शिपाई काकांची पेन्शन

ताई, नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत कनिष्ठ लिपिक आहे. नोकरीला दोन वर्षं झाली. टायपिंग चांगलं आहे, कामाचा कंटाळा नाही, पण केलेलं पत्र वेळेवर सापडत नाही ही माझी रड आहे. आमचे शिपाई काका मे अखेर निवृत्त होतायत. त्यांच्या पेन्शनच्या प्रस्तावाला मी रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात वेतन पथकाला (शाळांच्या पगाराचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला) केलेल्या एका पत्राची प्रत हवी होती. कागदावरची प्रत कुणीतरी काढून नेलेली. संगणकावर चार दिवस शोधलं, तेव्हा ते 'प्रति १७' नावाच्या फाइलमध्ये निघालं. डेस्कटॉपवर इतक्या फाइली आहेत की मागचं चित्र दिसत नाही. फोल्डर केलेत, पण सेव्ह करताना वर्ड भलतीकडेच नेतं, सर पाठीशी उभे असतात, मग जिथे उघडेल तिथे टाकून मोकळी होते. त्यात गेल्या आठवड्यात मागच्या वर्षीचा प्रस्ताव उघडून त्यावरच यंदाचा टाईप केला आणि सवयीने कंट्रोल-एस दाबलं. जुना प्रस्ताव गेला. सर म्हणाले, "शाळेची कागदपत्रं आहेत, पाटीवरची गणितं नाहीत." मॅक्रो नावाचं काहीतरी असतं म्हणे, ते शिकू का?

— एक लिपिक

अगं,

एकेरीत बोलते, रागावू नकोस. तुझ्यासारख्याच खुर्चीवर मी एकतीस वर्षं काढली आहेत. शाळा वेगळी, खुर्ची तीच, मागचा एक पाय डुगडुगणारी.

आधी तातडीचं. गेलेला प्रस्ताव कदाचित गेलेला नाही. तो मागच्या वर्षी शिक्षणाधिकारी कार्यालयाला मेलने पाठवला होता का? असेल तर शाळेच्या मेलच्या 'सेंट'मध्ये जोडपत्र म्हणून जसाच्या तसा बसला असेल. पेनड्राइव्हवर नेऊन बाहेर प्रिंट काढली होती का? त्या पेनड्राइव्हवर बघ. सरांच्या किंवा एखाद्या शिक्षकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता का? तिथेही बघ. त्या फाइलवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'प्रीव्हियस व्हर्जन्स' असा कप्पा दिसला तर तोही उघडून बघ, मात्र संगणकावर ती सोय आधीपासून चालू असेल तरच तिथे काही मिळतं. काहीच नाही मिळालं तर कपाटातली सहीशिक्क्याची प्रत स्कॅन करून ठेव. खरा दस्तऐवज तोच आहे.

आता 'प्रति १७'. वाचून हसले, पण यात तुझा दोष अर्धाच आहे. नवी फाइल पहिल्यांदा सेव्ह करताना वर्ड नाव सुचवतं ते मजकुराच्या पहिल्या ओळीवरून. अहवाल लिहिणाऱ्याला ही सोय बरी, त्याची पहिली ओळ म्हणजे शीर्षक. आपलं कार्यालयीन पत्र मात्र सुरू होतं 'प्रति,' ने. म्हणून आपल्याकडच्या कचेऱ्यांतले संगणक प्रति, प्रति १, प्रति २ यांनी भरलेले. कृतीदेव फाँटमध्ये टाईप केलेलं असेल तर आणखी गंमत. त्या फाँटमध्ये पडद्यावर 'प्रति' दिसतं, पण आत आय, झेड, एफ, आर ही इंग्रजी अक्षरं असतात, आणि फाइलला नाव तेच पडतं. आमच्या कार्यालयात अशा फाइलींचा ढीग होता. आम्ही त्यांना 'इझफर' म्हणायचो. "इझफर साहेबांचं पत्र कुठाय?" असं चेष्टेने विचारायचं आणि मग खरोखरच तासभर शोधायचं.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला खटकलं: 'सेव्ह करताना वर्ड भलतीकडेच नेतं.' पत्र लिहून झालं, सर पाठीशी उभे, प्रिंटर गरम, अशा वेळी ते कुठे ठेवायचं हे ठरवायचंच नसतं. घाईत माणूस जवळच्या खुंटीलाच टोपी अडकवतो. मजकुराचं पहिलं अक्षर पडायच्या आधी फाइल आपल्या जागी बसलेली हवी.

ते कसं करायचं ते सांगते. प्रत्येक विषयाच्या फोल्डरमध्ये एक कोरं पत्र ठेव. वर शाळेचं नाव, पत्ता, जा.क्र. (जावक क्रमांक) आणि दिनांकाची मोकळी जागा, 'प्रति', त्या विषयाला लागणारा नेहमीचा पत्ता (पगाराच्या फोल्डरात वेतन पथकाचा, मान्यतेच्या फोल्डरात शिक्षणाधिकाऱ्यांचा), 'विषय', 'संदर्भ', खाली मुख्याध्यापकांच्या सहीची जागा. नाव दे '०० कोरं पत्र', म्हणजे यादीत सगळ्यांच्या वर राहील. मग वर्ड बंद करून त्या फाइलवर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि खाली 'रीड-ओन्ली'पुढे खूण कर.

नवं पत्र करायचं झालं की वर्डपासून सुरुवात करायची नाही. आधी फोल्डर उघडायचा, त्यातलं कोरं पत्र उघडायचं, आणि काहीही टाईप न करता एफ१२ दाबायचं. 'सेव्ह अ‍ॅज'ची खिडकी थेट समोर येते, आणि उघडलेली फाइल ज्या फोल्डरातली असते त्याच फोल्डरात ती खिडकी उघडते. वर्ड तुला भलतीकडे नेत होतं कारण तू कोऱ्या पानापासून सुरू करत होतीस. कोऱ्या पानाला घर नसतं, मग वर्ड त्याला आपल्या मनाने डॉक्युमेंट्समध्ये नाहीतर वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या कपाटात, नेऊन सोडतं. नाव द्यायचं, एंटर, आणि आता लिहायला बस. पुढे दिवसभर कंट्रोल-एस दाबत राहिलीस तरी ते योग्य जागीच जाणार. आणि एफ१२ विसरलीस तरी बिघडत नाही. फाइल रीड-ओन्ली असल्यामुळे कंट्रोल-एस दाबल्यावर वर्ड ती तशी सेव्ह करायला नकार देतं आणि दुसरं नाव मागतं. मागच्या आठवड्यातला अपघात या एका खुणेने टळला असता.

जुनं पत्र उघडून त्यावरून नवं करायचा मोह आपल्या सगळ्यांना असतो, आणि प्रस्तावासारख्या लांबलचक मजकुराला ते सोयीचंही आहे. तेव्हाही नियम तोच: आधी एफ१२, मग बोटं चालव. पण साध्या पत्राला जुनं पत्र नकोच. जुन्या पत्रात जुना संदर्भ क्रमांक, जुनी तारीख, मागच्या कर्मचाऱ्याचं नाव कुठेतरी राहून जातं, आणि ते सही झाल्यावरच दिसतं. मी एकदा एका बाईंच्या प्रसूती रजेच्या पत्रात 'सदर कर्मचारी हे' असं ठेवलं होतं. ते पत्र स्टाफरूममध्ये महिनाभर फिरलं.

शाळेचा संगणक वनड्राइव्हला जोडलेला असेल तर एक सावधगिरी आणखी. तिथे ठेवलेल्या फाइलला वरच्या कोपऱ्यात 'ऑटोसेव्ह' चालू असतं. म्हणजे जुनं पत्र उघडून तू दोन शब्द बदललेस की कंट्रोल-एस न दाबताही ते बदललेलंच राहतं. तिथे 'सेव्ह अ‍ॅज'च्या जागी 'सेव्ह अ कॉपी' दिसेल, तेच आधी करायचं. जमेची बाजू एवढीच की तिथे फाइलच्या आधीच्या आवृत्त्या 'व्हर्जन हिस्टरी'त सापडतात. फुकटच्या खात्यात जागा फक्त ५ जीबी मिळते. स्नेहसंमेलनाचे फोटो त्यात टाकू नकोस.

आता फोल्डर. तू केलेत म्हणतेस, कसे केलेत ते लिहिलं नाहीस, पण अंदाज आहे: 'महत्त्वाचे', 'सरांचे', 'नवीन', 'इतर'. असे फोल्डर म्हणजे घरातला तो एक डबा, ज्यात सुया, बटणं, जुन्या चाव्या आणि हळकुंडं एकत्र असतात. नवीन रचना डोक्यातून काढू नकोस. उठ, कार्यालयातलं लोखंडी कपाट उघड. त्यातल्या फाइलींवर जी नावं आहेत, तुझ्याआधीच्या लिपिकांनी वर्षानुवर्षं वापरून घासलेली, तीच संगणकावर घे. संचमान्यता, वैयक्तिक मान्यता, वेतन देयकं, वैद्यकीय देयकं, बिंदुनामावली, शालेय पोषण आहार, शिष्यवृत्ती, बोर्ड परीक्षा, दाखले, संस्थेचा पत्रव्यवहार. कपाटात फाइलला क्रमांक असेल तर तोच फोल्डरला दे. नसेल तर आजच दोन्हीकडे घाल. मग कागद सापडला नाही तर संगणकावर कुठे बघायचं ते कळतं, आणि उलटही. तू रजेवर गेलीस तरी सरांना तुला फोन करावा लागत नाही, हा फायदा आणखी वेगळा.

वर्ष वर की विषय वर? यावर मी दोन मुख्याध्यापकांशी भांडले आहे. दोघांनाही 'सन २०२३-२४' असा मोठा फोल्डर आणि त्यात सगळे विषय हवे होते. माझं मत पक्कं आहे: विषय वर, वर्ष खाली. पत्र शोधताना ते कशाबद्दलचं आहे ते आपल्याला ठाऊक असतं, कधीचं आहे ते मात्र चाचपडावं लागतं. शिवाय शाळेत वर्षं दोन असतात. पगार, अनुदान, लेखापरीक्षण मार्चअखेर चालणार, आणि प्रवेश, परीक्षा, युडायस (शाळेची माहिती सरकारकडे भरायचं काम) जूनपासून. एप्रिलमधलं पत्र कुठल्या वर्षात टाकायचं, यावर दर एप्रिलला डोकं खाजवावं लागतं. विषय वर असला की पगाराच्या फोल्डरात आर्थिक वर्ष आणि परीक्षेच्या फोल्डरात शैक्षणिक वर्ष, दोघंही सुखात.

पण कर्मचाऱ्यांचं काय? इथे वर्ष अजिबात नको. प्रत्येक कर्मचाऱ्याचा एक फोल्डर, त्याच्या नावाचा, आणि नेमणुकीपासून निवृत्तीपर्यंतचं सगळं त्यात: मान्यता, वेतननिश्चिती, रजा, वरिष्ठ श्रेणी, भविष्य निर्वाह निधीचा पत्रव्यवहार. सेवापुस्तक जसं माणसाबरोबर चालतं तसा हा फोल्डर चालला पाहिजे. निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव म्हणजे शेवटी तीस-पस्तीस वर्षांची पानं एका दोऱ्यात ओवायची असतात. ती वर्षांच्या फोल्डरांत विखुरलेली असली की शिपाई काकांसारखं होतं. वेतन पथकाचं पत्र तुला 'पत्रव्यवहारा'त ठेवावंसं वाटलं असेल. ते काकांचं होतं, काकांच्या घरात जायला हवं होतं. दोन कर्मचाऱ्यांबद्दल एकच पत्र असेल तर? मुख्य प्रत विषयाच्या फोल्डरात ठेव आणि दोघांच्या फोल्डरांत सही झालेल्या पत्राची पीडीएफ टाक. वर्डची फाइल दोन ठिकाणी ठेवू नकोस. एकीत दुरुस्ती होते, दुसरी तशीच राहते, आणि खरी कुठली ते पुढे कुणालाच सांगता येत नाही.

फार खोलही जाऊ नकोस. विषय, वर्ष, फाइल, झालं. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतचा सगळा पत्ता मिळून साधारण २६० अक्षरांच्या आत असावा लागतो. फोल्डरात फोल्डर आणि प्रत्येकाला पत्राच्या विषयाएवढं लांब नाव दिलं की एक दिवस फाइल उघडायलाच नकार देते.

नावाबद्दल. तुला सवयीने लिहावंसं वाटेल 'जा.क्र. ४५/२०२५'. विंडोज ते घेणार नाही, तिरकी रेघ फाइलच्या नावात चालत नाही. अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्हही चालत नाही. म्हणून आडवी रेघ वापर. तारीख वर्षापासून लिही, '२०२५-०७-१४', म्हणजे यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते. आपल्या पद्धतीने दिवस आधी लिहिलास तर सगळ्या महिन्यांतल्या चौदा तारखा एकीखाली एक येऊन बसतील. आकडे मराठीत लिही किंवा इंग्रजीत, पण एकदा ठरवलं की सगळीकडे तेच, नाहीतर शोधताना घोळ होतो.

जावक क्रमांक मात्र पत्र लिहिताना हातात नसतो, तो सही झाल्यावर नोंदवहीत पडतो. याचाच फायदा घे. मसुद्याचं नाव नुसतं तारीख आणि विषय: '२०२५-०७-१४ वेतन पथक थकीत देयक'. पत्र रवाना झालं, जावक नोंदवहीत नोंद झाली, की वर्डमधली फाइल बंद कर, तिच्यावर एकदा क्लिक करून एफ२ दाब आणि शेवटी 'जा ४५' जोड. आता फोल्डर उघडल्यावर ज्या नावापुढे 'जा' नाही ते पत्र अजून गेलेलं नाही, हे बघताक्षणी कळतं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या सहा वर्षांत मी दुसरी कुठलीही यादी ठेवली नाही. सही-शिक्क्यानंतर पत्र मोबाइलवर स्कॅन करून त्याच नावाने पीडीएफ त्याच फोल्डरात ठेवलीस की दोन्ही शेजारी शेजारी बसतात.

दोन सोयी एकदाच करून ठेव. विंडोजमध्ये रोजचे चार-पाच फोल्डर निवडून उजवी क्लिक, 'पिन टू क्विक अ‍ॅक्सेस'. मग ते वर्डच्या सेव्हच्या खिडकीतही डावीकडे दिसतात. आणि वर्डमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'सेव्ह' इथे जाऊन 'डीफॉल्ट लोकल फाइल लोकेशन'मध्ये कार्यालयाच्या मुख्य फोल्डरचा पत्ता टाक, जवळच 'सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डीफॉल्ट' आहे त्यापुढे खूण कर. एखादं पत्र चुकून कोऱ्या पानावर सुरू झालंच, तरी ते निदान घराच्या अंगणात तरी पडेल.

डेस्कटॉपच्या ढिगाचं काय करायचं? लावत बसू नकोस. मे महिन्याच्या सुट्टीत लावू म्हणशील आणि सुट्टीत संचमान्यतेचं काम येईल. मुख्य फोल्डरात 'जुना ढीग' नावाचा फोल्डर कर, सगळं उचलून त्यात टाक आणि दार लोटून घे. ज्या दिवशी त्यातलं एखादं पत्र लागेल त्या दिवशी ते काढून योग्य नाव देऊन योग्य जागी ठेव. वर्षभरात ज्याला कुणी विचारलं नाही ते तिथेच राहू दे. हलवताना एक लक्षात ठेव: डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो. तुझे फोल्डर डी ड्राइव्हवर असतील तर माउसने ओढलेली फाइल हलत नाही, तिची नक्कल होते आणि मूळ तिथेच राहते. शिफ्ट दाबून ओढ, किंवा कंट्रोल-एक्स करून तिकडे पेस्ट कर. आणि फोल्डर डी ड्राइव्हवरच असू देत. आमच्याकडे एकदा संगणक दुरुस्तीवाल्याने न विचारता विंडोज नव्याने टाकलं. डी ड्राइव्ह शाबूत, डेस्कटॉप धुतलेल्या फळ्यासारखा. दहावीच्या तोंडी परीक्षेचे सगळे तक्ते त्यावर होते. महिन्यातून एकदा मुख्य फोल्डरची नक्कल बाहेरच्या हार्डडिस्कवर घे आणि ती डिस्क संगणकाच्या खणात ठेवू नकोस.

ढिगात शोधताना विंडोजच्या शोधाच्या चौकटीत पत्रातला एखादा शब्द टाकलास तर तो मजकुरातूनही शोधू शकतो, पण युनिकोडमध्ये, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरं ठेवून, टाईप केलेल्या फाइलींतच. कृतीदेव किंवा श्रीलिपीतल्या जुन्या फाइलींना 'वेतन' हा शब्द माहीत नाही. त्यांना नावच तारतं, म्हणून त्या हाती आल्या तर आधी त्यांनाच नावं दे.

तुझ्या सरांना हे पटवायचं असेल तर त्यांना सहा गठ्ठा पद्धतीची आठवण कर. जिल्हा परिषद आणि महसूल कार्यालयांत तिचं नाव घेतलं की जुने लोक अजून ताठ बसतात. अहमदनगरला अनिलकुमार लखीना जिल्हाधिकारी असताना १९८० च्या दशकात त्यांनी जी कार्यालयीन शिस्त घालून दिली, 'लखीना पॅटर्न' म्हणून ती गाजली, आणि कारकुनाच्या टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करण्याची रीत तिथलीच. हातातली प्रकरणं, उत्तराची वाट बघणारी, ठरावीक मुदतीने करायची, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. तुझ्या डेस्कटॉपवर यातला पहिला गठ्ठा असावा, फार तर दुसरा. तुझ्याकडे सहाही आहेत, शिवाय कुणीतरी टाकलेलं पंधरा ऑगस्टचं भाषण.

भाषण टाकणाऱ्यांचंही बघायला हवं. शाळेत एकाच संगणकावर पाच जण बसतात, त्यांना तुझी शिस्त शिकवायला जाऊ नकोस, वैर येतं. डेस्कटॉपवर एकच फोल्डर ठेव, 'इथे टाका'. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दहा मिनिटांत तो रिकामा करायचा. तुझी स्वतःची घाईतली पत्रंही त्यात पडली तर चालतील, शनिवारपर्यंत.

मॅक्रो, म्हणजे वर्डला एकदा शिकवून ठेवलेली कामांची साखळी, शिकू नको असं नाही म्हणत. एका कळीवर ठरावीक फोल्डर उघडणारा छोटा मॅक्रो करता येतो. पण संगणक बदलला, वर्ड बदललं, कुणी सुरक्षिततेची सेटिंग घट्ट केली की तो बंद पडतो, आणि मग तुझ्याशिवाय कुणालाच तो दुरुस्त करता येत नाही. कोरं पत्र आणि एफ१२ कुठल्याही संगणकावर चालतं, तुझ्यानंतर येणाऱ्यालाही.

काकांचा प्रस्ताव मार्चच्या आत जाऊ दे, शंका काढून परत आला तर हातात वेळ राहील. त्यांना माझा नमस्कार सांग.

— ताई

ता. क. लॅपटॉपवर एफ१२ दाबल्यावर सेव्हच्या खिडकीऐवजी आवाज किंवा उजेड कमी-जास्त झाला तर घाबरू नकोस, डावीकडे खाली 'एफएन' लिहिलेली कळ आहे, ती धरून दाब. आणि 'प्रति १७' अजून 'प्रति १७'च असेल, तर आधी तिचं नाव बदल.